होमस्कूलिंग सुरू करताय? आधी हे वाचा

ताई, पोरांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलंय ना, मग पहिले काही महिने घरी शाळा भरवू नका. सकाळी नऊला टाइमटेबल, घंटा, होमवर्क असलं सगळं केलं की पोरगं पण वैतागतं न तुम्ही पण. आमच्याकडे आता सकाळी तासदीड तास गणित न वाचन, बस, बाकी इंदूर आहेच की. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकर राजघराण्याची स्मारकं) बघायला गेलो तर पोरगी तिथंच बसून कोरीवकामाची चित्रं काढत बसली, मग घरी येऊन होळकरांची वंशावळ, त्यातनं अहिल्याबाई, 1767 ते 1795 म्हणजे किती वर्षं राज्य केलं ही वजाबाकी, सगळं आपोआप झालं, मला काही शिकवावं लागलं नाही!

आता कटकट. सासूबाई, शेजारच्या काकू, सगळे विचारणार "दहावीचं काय?" तर सांगायचं की एनआयओएसमधून (म्हणजे सरकारी ओपन स्कूल बोर्डातून) दहावी होते, 14 वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय, मराठी पण घेता येतं आणि रजिस्ट्रेशन पाच वर्षं चालतं म्हणून एकेक विषय सावकाश दिला तरी चालतो. जन्मदाखला न आधारवरचं नाव, स्पेलिंग आत्ताच जुळवून ठेवा, फॉर्मच्या वेळी फार डोकं खातं ते.

मित्रमंडळींचं मात्र खरंच बघावं लागतं. कॉलनीतली पोरं पाचपर्यंत शाळा-ट्यूशनमध्ये, म्हणून संध्याकाळी खोखो किंवा तबल्याचा क्लास लावाच. आणि तुमचा स्वतःचा दुपारचा एक तास कुणालाच देऊ नका, नवऱ्याला पण नाही 😄