दारू सुटली की मार थांबेल ना, ताई?

"ताई, तेवढं व्यसनमुक्तीचं बघा. दारू सुटली की आमचा जावई लाख माणूस आहे."

सांगलीत समुपदेशनाला बसायला लागल्यापासून हे मी किती जणींच्या तोंडून ऐकलंय, त्याची गणती नाही. कधी बायको म्हणते, कधी सासू. या वेळी आई होती, तासगाव तालुक्यातल्या एका गावातनं लेकीला घेऊन आलेली. लेकीला सुनीता म्हणू; नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. मे महिन्याचं ऊन, आणि हिच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाऊज.

नवरा द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर. दहा वर्षांचा संसार, दोन मुलं. सुनीता तुटक तुटक बोलत होती, पण गाडीच्या स्टँडचं तिनं नीट सांगितलं. संध्याकाळी दारात मोटरसायकल थांबते. स्टँड हळू लागलं तर सगळ्यांचं जेवण सुखाचं. दाणकन लागलं की थोरला काही न बोलता धाकटीचं दप्तर उचलतो आणि तिला घेऊन मागच्या खोलीत जातो. आठ वर्षांचं पोर ते.

"शेवटचं मारलं त्या दिवशी काय काय झालं, ते एकामागून एक सांग," मी म्हणाले. "कशावरून मारलं ते राहू दे."

"आले. मोबाइल चार्जिंगला लावला. दाराला कडी घातली. टीव्हीचा आवाज मोठा केला. मग मारलं."

"कुठं?"

"पाठीत, दंडावर. तोंडावर नाही मारत."

मी तिचेच शब्द तिला परत म्हणून दाखवले. शुद्ध नसलेल्या माणसाला टीव्हीचा आवाज वाढवायचं कसं सुचतं? मालकाची गाडी चालवताना तो पितो का? नाही. मालक चारचौघांत शिव्या घालतो, तेव्हा त्याच्यावर हात टाकतो का? त्यालाही नाहीच. दारूनं मार वाढतो, हे खरं आहे, आणि व्यसनावर उपचार व्हायलाच हवेत. पण हात कुणावर उचललेला खपतो, हे त्याला शुद्धीत असतानाच पक्कं ठाऊक असतं.

आई इतका वेळ बेदाण्याची पुडी माझ्याकडे सरकवत होती. तिचा हात थांबला.

"हिचा बाप माळकरी होता," ती म्हणाली. "एकादशी चुकली नाही कधी. दारूचा थेंब शिवला नाही जन्मात."

सुनीता आईकडे बघतच राहिली. "म्हणजे अण्णा पण?"

"तू लहान होतीस."

त्यानंतर दारूचा विषय तिघींपैकी कुणी काढला नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 45 टक्के बायकांनी आणि 44 टक्के पुरुषांनी सांगितलं, की काही ना काही कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे. न सांगता बाहेर गेली, स्वयंपाक बिघडला, उलट बोलली, अशी ती कारणं. मला यातला बायकांचा आकडा जास्त छळतो. मार सोसलेली आईच लेकीला सोसायला सांगते, आणि त्यात तिची मायाच असते.

माझ्याही हातून हे घडलंय. सुरुवातीच्या वर्षांत एकीला मी "दारू सुटेपर्यंत कळ काढा" म्हणाले होते. नवऱ्याची दारू सुटली. मार सुटला नाही. आणि आता ती कुणाला सांगेनाशी झाली, कारण सांगायला दारूचं निमित्तही उरलं नव्हतं. तेव्हापासून मी दोन्ही कामं वेगळी धरते. मार चालू असताना नवरा-बायकोला समोरासमोर बसवत नाही. इथे बोललेल्या शब्दाची किंमत ती घरी जाऊन मोजते.

सुनीताला घर सोडायचं नव्हतं, आणि "घर सासऱ्यांच्या नावावर आहे, काढतील मला" ही धास्ती होती. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं नांदत्या घरात राहण्याचा हक्क बाईला दिलाय. ते घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी हा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. या कायद्याखाली अर्ज केल्यानं काडीमोड होत नाही, हे मला आईला तीनदा सांगावं लागलं. वकील विधी सेवा प्राधिकरणातून मोफत मिळाला. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नसते. आधी सिव्हिलला जाऊन दंडावरच्या वळांची नोंद केली. आधार, पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या झेरॉक्स शेजारणीकडे ठेवल्या. रात्री-अपरात्री पोलिसांचा 112 किंवा महिला हेल्पलाइनचा 181 फिरवायचा, हे थोरल्यालाही शिकवलं. मग या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत कोर्टात अर्ज गेला.

कायद्यात 60 दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा असं आहे, प्रत्यक्षात तारखा लांबतात. तिला अंतरिम संरक्षण आदेश मिळालाय, म्हणजे निकाल लागेपर्यंत नवऱ्यानं तिच्यावर हात उचलायचा नाही. तो मोडला तर वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे नवऱ्याला नीट समजावून सांगितलंय. तो सध्या रानातल्या शेडमध्ये राहतो, व्यसनमुक्तीलाही जातो. बदलेल का, मी सांगू शकत नाही. सासू सुनेशी बोलत नाही.

तारखेला आई सोबत येते. मागच्या खेपेला थोरलाही आला होता. बाहेर कुणीतरी मोटरसायकल लावली, तसा तो बाकावरून उठून उभा राहिला, आणि आजीनं त्याचा हात धरून त्याला परत शेजारी बसवलं.