पतंग का विकताय, हे आधी विचारा

प्रश्न : लहानपणी साधा पतंग उडवला, तेवढाच माझा अनुभव. आता पॉवर काइट, म्हणजे माणसाला ओढून नेणारा मोठा पतंग, शिकायची हौस आहे. नवा परवडत नाही. ओळखीतल्या एकाने पाच चौरस मीटरचा, चार दोऱ्यांचा पतंग हँडलांसकट विकायला काढला आहे. ‘दोनदाच उडवलाय,’ म्हणतो. माझं वजन ६० किलो. घेऊ का? घेताना काय काय बघू?

उत्तर : जुना खुशाल घ्या. पाच मीटरचा तेवढा घेऊ नका.

‘दोनदाच उडवलाय’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की हसूच येतं. माणूस खोटं बोलत नसतो. तिसऱ्यांदा उडवायची त्याची छाती झालेली नसते, एवढंच. म्हणून पतंग बघण्याआधी तो का विकताय ते विचारा, आणि उत्तर देताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

पतंगाची ओढ त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, पण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्यात तुम्ही मजेत उभे आहात आणि ३० ची झुळूक आली, तर ओढ दुप्पट नाही, चौपट होते. त्यात पतंग तुमच्या समोरून, वाऱ्याच्या ऐन मधोमध सपकन गेला, तर स्वतःच्या वेगाने आणखी वारा अंगावर घेतो. नवशिक्याच्या हातून तो नेमका तिथूनच जातो. ६० किलोच्या माणसाने अडीच-तीन चौरस मीटरवर सुरुवात करावी. लहान पतंग चपळ असतो, चुका चटकन दाखवतो आणि त्या माफही करतो. एक मात्र ध्यानात ठेवा : दोन दोऱ्यांच्या पतंगावर लिहिलेला आकडा बऱ्याचदा क्षेत्रफळाचा नसतो, या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या रुंदीचा असतो. दोन्हीकडे ‘तीन’ लिहिलेलं असलं तरी पतंग वेगळे.

आता कापड. पतंगाच्या कापडाला, म्हणजे फाट पसरू नये म्हणून चौकडीत विणलेल्या रिपस्टॉप नायलॉनला, पाणी फारसं बाधत नाही, ऊन बाधतं. नवं कापड हातात कुरकुरतं. उन्हाने खाल्लेलं धुवून धुवून जुन्या झालेल्या रुमालासारखं लोळतं. कापड ओठांना घट्ट लावून फुंका. हवा सहज आरपार गेली तर तो पतंग घ्यायचाच नाही, कारण त्याच्यावर इलाज नाही. छोटी फाट चिकटपट्टीने बुजते, तिचं एवढं मनावर घेऊ नका. मग पुढच्या कडेला हवा आत शिरायची जी तोंडं असतात, त्यांतून आत डोकवा. कप्प्याकप्प्यांमधले पडदे शिवणीतून उसवलेत का? हवेने भरलेला पतंग नाकावर आपटला की बाहेरून काही दिसत नाही, फाटतं ते आतलं.

दोऱ्यांवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका, आणि हे मी अनुभवाने सांगतो. माझा पहिला पतंगही जुनाच होता. तीन रविवार तो धड चढेना. चढलाच तर डोक्यावर थबकायचा, मागे मागे सरकायचा आणि पाठीवर पडायचा. मला वाटलं, आपलेच हात जड. चौथ्या खेपेला मैदानावरच्या एका मुरलेल्या गड्याने काही न बोलता चारही दोऱ्यांची एकेक टोकं खिळ्याला अडकवली आणि दुसरी टोकं माझ्या हातात ताणून दिली. चारपैकी दोन दोऱ्या ओढीच्या, दोन ब्रेकच्या, म्हणजे पतंगाची मागची कड खेचून त्याला थांबवणाऱ्या. ब्रेकच्या दोऱ्या चांगल्या वीतभर आखूड! खरं तर त्या आखूड झाल्याच नव्हत्या. सगळा भार ओढीच्या दोन दोऱ्यांवर येतो, त्या ताणून लांबल्या होत्या. त्यामुळे पतंगाला कायम ब्रेक लागलेला. त्याने ब्रेकच्या दोऱ्या हँडलवर दोन गाठी पुढे सरकवल्या आणि पतंग पहिल्याच झटक्यात उठला. तीन रविवार मी स्वतःला शिव्या घातल्या त्या फुकट गेल्या.

तेव्हा खिळ्याची ही परीक्षा विकणाऱ्यासमोरच घ्या. मग डोळे मिटून प्रत्येक दोरी बोटांतून सोडा. कुठे लव आली असेल किंवा मध्येच गाठ असेल, तर नव्या दोऱ्यांचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा; गाठीपाशी दोरीची ताकद निम्म्यावर येऊ शकते. दोऱ्या बदलता येतात, कापड बदलता येत नाही, हे घासाघीस करताना लक्षात असू द्या.

मनगटात घालायचे पट्टे, ज्यांना किलर म्हणतात, ते सोबत आहेत का बघा. हँडल सोडलं की ते ब्रेकच्या दोऱ्या खेचतात आणि पतंग दम सोडून खाली येतो. ते नसतील तर आधी ते घ्या, मग उडवा. आणि ‘आज वारा नाही’ म्हणत पतंग उडवून दाखवायला टाळाटाळ झाली, तर वारा असेल त्या दिवशी येतो म्हणून सांगा. पैसेही त्याच दिवशी.

प्रश्न : पाण्यावर वापरायचा, पंपाने हवा भरायचा पतंग फारच स्वस्तात मिळतोय. तो जमिनीवर शिकायला चालेल का?

उत्तर : नाही. तो आकाराने मोठा असतो आणि पडला की जमिनीवर घासून त्याच्या फुग्यांची वाट लागते. फारच स्वस्त आहे म्हणता, म्हणजे २००५ च्या आधीचा असण्याची दाट शक्यता. हातातला दांडा, म्हणजे बार, ढकलून ओढ जवळजवळ पूर्ण काढून टाकता येते असे पतंग साधारण त्या सुमारास आले. त्याआधीचा पतंग तुम्हाला धरून ठेवतो. तुम्ही त्याला नाही.