इंग्रजीच्या जागतिक क्रमवारीत नेदरलँड्स वर आणि भारत इतका खाली का?

आधी ही यादी कशी बनते ते बघा. ईएफ या भाषा शिकवणाऱ्या कंपनीची ही क्रमवारी 2011 पासून येते. ऑनलाइन परीक्षा ज्यांनी आपणहून दिली, त्यांचेच गुण त्यात धरतात. म्हणजे तो देशाचा सर्व्हे नव्हे. शिवाय परीक्षेत वाचन आणि ऐकणं यांवरच बराच काळ भर होता.

नेदरलँड्स वर का, तर डच भाषा इंग्रजीची जवळची नातलग, आणि तिथं टीव्हीवर इंग्रजी कार्यक्रम डब न करता सबटायटलसह दाखवतात. पोरांच्या कानावर लहानपणापासून इंग्रजी पडतं. माझ्या मते हे कारण सगळ्यात मोठं.

आपल्याकडं इंग्रजी असं सहज कानावर पडत नाही. 2011 च्या जनगणनेत जेमतेम 10 टक्के लोकांनी इंग्रजी येतं असं सांगितलं. मी कोल्हापुरात राजारामपुरीत इंग्रजीचा क्लास घेते. गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतला एक पोरगा येतो. ड्रॉइंगवरचं 'टॉलरन्स', 'हार्डनेस' सगळं घडाघडा वाचतो, पण परदेशी ग्राहकाचा फोन आला की 'हॅलो'च्या पुढं शब्द फुटत नाही. शाळेत त्याला कुणी इंग्रजीत बोलायलाच लावलं नव्हतं. सध्या रोज दहा मिनिटं आम्ही नुसतं फोनवर बोलायचा सराव करतो.