घरामागच्या परड्यात पुढच्या पिढ्यांसाठी कोणती झाडं लावावीत, आणि ती टिकावीत म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: कोल्हापूर शहराच्या कडेला घर, मागे 40 बाय 50 फुटांचं परडं, माती काळी, आणि नातवंडांना सावली-फळं मिळावीत म्हणून दहा-बारा मोठी झाडं लावायचा विचार. वड-पिंपळही यादीत आहेत आणि नर्सरीत 8 फुटी रोपं बघून ठेवली आहेत.

माझं उत्तर: मोठं झाड एकच लावा. सोबत एक मध्यम आणि तीन-चार लहान. आणि ती 8 फुटी रोपं घेऊ नका.

तुमचं परडं दोन गुंठ्यांना थोडं कमीच भरतं. जमिनीत नीट रुजलेला आंबा 50-60 वर्षांत 35-40 फूट घेर धरतो. फणस, जांभूळ, चिंच यांचंही तसंच, चिंचेचा घेर तर त्याहून मोठा. दहा झाडं लावली तर आठ-दहा वर्षं सगळं छान दिसतं. मग फांद्या एकमेकांत घुसतात, झाडं उजेडासाठी काठीसारखी उंच वाढतात, खालच्या फांद्या वाळतात. अशी उंच, अरुंद झाडंच वळवाच्या वाऱ्यात मोडतात. मग कुठलं तोडायचं हा वाद घरात सुरू होतो, आणि महापालिका हद्दीत स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही 1975 च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

वड, पिंपळ आणि उंबर परड्यात नकोत. झाडं म्हणून ती थोर आहेत, पण ओलाव्याच्या मागे जाणारी त्यांची मुळं पाया, ड्रेनेज आणि सेप्टिक टँक सोडत नाहीत. गावच्या गायरानात किंवा ओढ्याकाठी एक वड जरूर लावा. गुलमोहर आणि पिचकारी (आफ्रिकन ट्युलिप) हीही नकोत. लवकर वाढतात, लाकूड ठिसूळ, पावसाळ्यात फांद्या कोसळतात.

आधी जागा आखा. घराच्या मागच्या भिंतीपासून 28 फूट आणि तिन्ही कंपाउंडांपासून साधारण 20 फूट असा बिंदू धरा आणि तिथे खुंटी ठोका. 18 फूट दोरी बांधून फक्कीने गोल मारा. हा तुमच्या नातवाच्या काळातल्या आंब्याचा घेर. या गोलात सेप्टिक टँक, पाण्याची पाइप किंवा वरून विजेची तार येत असेल तर खुंटी हलवा. कोल्हापुरात पावसाळ्याचा जोराचा वारा नैऋत्येकडून येतो. म्हणून परडं घराच्या पश्चिमेला किंवा दक्षिणेला असेल तर 28 चे 32 फूट करा. सोसाट्यात फांदी तुटली तर ती घराच्या दिशेने येणार. बकुळ घराजवळ चालते. वाढ मंद, घेर आटोपशीर, लाकूड चिवट. तिला भिंतीपासून 12 फूट पुरतात. कढीपत्ता, लिंबू आणि पारिजातक कंपाउंडच्या कडेने, जिथे निदान पाच-सहा तास ऊन आहे तिथे.

मधली मोकळी जागा पहिली आठ-दहा वर्षं रिकामी वाटेल. तिथे पपई, केळी, शेवगा घ्या. ही झाडं जाण्यासाठीच लावायची. आंब्याचा पाला त्यांना लागला की ती काढा.

मोठं झाड कोणतं हे मातीवर ठरतं. एक फूट खोल खड्डा घेऊन पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळचं बघा. पाणी चार-पाच तासांत गेलं तर आंबा, फणस काहीही चालेल. 24 तासांनीही साचलेलं असेल तर फणसाचा नाद सोडा. मुळाशी पाणी राहिलं की वाढलेला फणसही काही दिवसांत पाला टाकून मरतो. आंबा अशा जागी उंचवट्यावर लावता येतो. पंचगंगेचं पाणी 2005, 2019 किंवा 2021 ला परड्यात आलं असेल तर आंब्याऐवजी जांभूळ लावा, ते पाणथळ सोसतं. शिरोळ भागात जमिनीवर पांढरा क्षार फुलतो, तिथे चिंच, चिकू किंवा नारळ. पन्हाळा-राधानगरीकडच्या तांबड्या जांभ्याच्या मातीत फणस आणि कोकम उत्तम. फक्त कोकम कलमाचंच घ्या. बियांपासून आलेल्यात निम्मी झाडं नर निघतात, आणि फूल येईपर्यंत ते कळत नाही.

आता त्या 8 फुटी रोपांबद्दल. दोन-तीन वर्षं पिशवीत राहिलेल्या रोपाचं सोटमूळ बुडाशी आपटून वळतं आणि वेटोळं घालतं. जमिनीत लावल्यावर ते वेटोळं सरळ होत नाही, तसंच जाड होत जातं. वर झाड जोमदार दिसतं, खाली त्याला आधार नसतो. मग पंधरा-वीस वर्षांचं भरलेलं झाड एका पावसाळ्यात मुळासकट आडवं होतं. तीन पिढ्यांसाठी लावायचं तर सोटमूळ हीच खरी ठेव आहे. म्हणून माझा आग्रह जागेवरच कलम करण्याचा आहे.

पद्धत अशी. जूनमध्ये पिकलेल्या रायवळ आंब्याच्या सात-आठ कोया धुऊन पाण्यात टाका आणि तरंगतील त्या फेकून द्या. उरलेल्यांतल्या तीन कोया तयार खड्ड्यात (खड्ड्याचं पुढे सांगतो) त्रिकोणात, एकमेकींपासून फूटभर अंतरावर, 2 इंच खोल आडव्या पुरा. आंबा खाल्ल्यापासून आठवड्याच्या आत हे करा. कोय वाळली की तिची उगवण जाते, पुढच्या वर्षासाठी ठेवून उपयोग नाही. वर्षभरात रोपं पेन्सिलीएवढी जाड होतात. पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाचा जोर ओसरून शेंड्याला तांबूस पालवी आली की मृदुकाष्ठ कलम करायचं.

ज्या झाडाचा आंबा हवा त्याची तीन-चार महिने वयाची, रोपाच्याच जाडीची काडी निवडा. आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून तिची पानं कापा, म्हणजे डोळे फुगतात. काडी 4 ते 6 इंच ठेवून खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी दीड इंचाची पाचर करा. रोपाचा शेंडा कोवळ्या तांबूस भागात, जमिनीपासून 9-12 इंचांवर छाटा आणि मधोमध तेवढीच चीर द्या. पाचर बसवताना निदान एका बाजूची साल सालीला तंतोतंत भिडली पाहिजे. न जमलेली कलमं बहुतेक इथेच फसतात. पाऊण इंच रुंद प्लास्टिक पट्टीने घट्ट बांधा आणि वरून पातळ प्लास्टिकची अरुंद टोपी घाला. दोन-तीन आठवड्यांत कोंब हिरवा दिसला की संध्याकाळी टोपी काढा. पट्टी अडीच-तीन महिन्यांनी काढायची. विसरलात तर ती खोडात रुतते आणि पुढे झाड तिथेच मोडतं. तिन्हींवर कलम करा, चांगलं एक ठेवा. एखादं फसलं तरी खुंट, म्हणजे खालचं कोयीचं रोप, जागेवरच असतो, पुढच्या हंगामात पुन्हा करता येतं.

काडी कुठली? केसर कोल्हापूरला चांगला. हापूसपेक्षा नियमित धरतो आणि त्यात साक्याचा, म्हणजे गर आतून पांढरा, स्पंजासारखा होण्याचा त्रास कमी. रत्नाही चांगला, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची जात, नीलम आणि हापूसच्या संकरातली. पण गावाकडे आजोबांच्या काळचं, दरवर्षी धरणारं लोणच्याचं किंवा रसाचं रायवळ झाड उभं असेल तर मी आधी त्याची काडी आणायला सांगेन. कोयीतून तोच आंबा पुन्हा मिळेल याची खात्री नसते, काडीतून तो हुबेहूब येतो. ते झाड पडलं की ती चव कायमची गेली.

फणसाचंही मूळ दुखावलेलं चालत नाही. ताजी आठळी थेट जागेवर लावा. मात्र काप्या (घट्ट गऱ्यांच्या) फणसाच्या आठळीतून बरकाही (मऊ, बुळबुळीत गऱ्यांचा) निघू शकतो, हे मान्य असेल तरच.

कलम जमणार नाही असं वाटलं तर तयार कलम घ्या, पण एक वर्षाचं, दोन-अडीच फुटी. लावताना पिशवी पूर्ण काढा. बुडाचा इंचभर गोळा धारदार कोयत्याने उडवा आणि बाजूंना तीन उभ्या चिरा द्या, म्हणजे वळलेली मुळं तुटून नवी सरळ फुटतात. कलमाचा सांधा मातीच्या वर 6-8 इंच राहिला पाहिजे. तो मातीत गेला तर कुजतो. सांध्याखालची फूट दर आठवड्याला खुडा, नाहीतर पाच वर्षांनी लक्षात येतं की कलम मेलं आणि खुंटच वाढलाय.

खड्डा एप्रिल-मे महिन्यात 3 बाय 3 बाय 3 फुटांचा काढा आणि निदान तीन आठवडे उन्हात तापू द्या. वरची फूटभर माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. नव्या बांधकामाच्या जागेत विटांचे तुकडे, सिमेंटचा गाळ, चुना हमखास सापडतो. तो सगळा बाहेर काढा, त्याने माती विम्ल (अल्कधर्मी) होते आणि पानं पिवळी पडतात. भरताना वरची माती, 20-25 किलो पूर्ण कुजलेलं शेणखत, 1 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि वाळवीसाठी 2 किलो निंबोळी पेंड. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) वापरायची असेल तर ती कुजून काळी, गार आणि बिनवासाची झालेलीच घ्या. गरम मळी मुळं जाळते.

काळ्या मातीत एक चूक सर्रास होते. खड्डा बाहेरून आणलेल्या पोयट्याने किंवा वाळूने भरतात. भोवतीची चिकण माती पाणी सोडत नाही, आतली भुसभुशीत माती ते ओढून घेते, आणि खड्ड्याची टाकी होते. पहिल्याच पावसाळ्यात रोप बुडून मरतं आणि दोष रोपाला लागतो. काळ्या मातीत जागचीच माती वापरा, खत पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि मधोमध दीड फूट उंच, 5-6 फूट रुंद उंचवटा करून त्यावर लावा. निचरा चांगला असेल तरी भर जमिनीच्या 6 इंच वर ठेवा, ती एका पावसात बसते.

आधाराला दोन कळक, रोपाच्या दोन्ही बाजूंना, सुती चिंधीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखे सैल बांधा. वाऱ्यात रोप थोडं हललंच पाहिजे, त्याशिवाय खोड जाड होत नाही. दोन वर्षांनी कळक काढा.

पाणी: पहिल्या वर्षी पाऊस संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत चार-पाच दिवसांनी 10-15 लिटर, मार्च ते मे दोन-तीन दिवसांनी. दुसऱ्या वर्षी आठवड्याला 25 लिटर, तिसऱ्या वर्षी पंधरवड्याला 40. रोज तांब्याभर पाणी घातलं की मुळं वरच राहतात. आळं दरवर्षी पाल्याच्या घेराबरोबर बाहेर सरकवा, पाणी खोडाशी नको. आच्छादनाला आपल्याकडे उसाच्या पाचटाला तोड नाही. 4-6 इंच थर द्या, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडून.

पहिली तीन-चार वर्षं मोहोर खुडा. जीवावर येतं, पण लहान झाडाला फळ धरू दिलं की वाढ बसते. अडीच-तीन फुटांपर्यंत एकच खोड ठेवा, वर वेगवेगळ्या उंचीवर तीन-चार फांद्या. दोन सारख्या जाडीच्या फांद्यांचं अरुंद बेचकं दिसलं तर त्यातली एक आताच काढा. ते बेचकं तीस वर्षांनी फळांच्या वजनाने मधोमध फाटतं.

दर मे अखेरीस खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. 100 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि 100 ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटरात, प्लास्टिकच्याच भांड्यांत, मग एकत्र करा आणि त्याच दिवशी संपवा. लोखंडी पातं मिनिटभर बुडवून तांबूस झालं तर चुना कमी पडलाय. खोडावर छिद्र आणि खाली लाकडाचा भुसा दिसला तर तो भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी. तार घालून अळी मारा, पेट्रोलचा बोळा कोंबा आणि चिखलाने बुजवा.

एवढं केलं की झाड दहा वर्षांचं सहज होतं. त्यानंतर झाडं मरतात ती घराच्या दुरुस्तीमुळे. अंगणात पेव्हिंग ब्लॉक खोडापर्यंत बसवतात, परडं उंच करायला बुंध्याभोवती दीड-दोन फूट मुरूम टाकतात, किंवा नवीन ड्रेनेजसाठी एका बाजूची सगळी मुळं तोडतात. झाड लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षांत शेंड्याकडून वाळत येतं आणि कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. खोडाभोवती निदान 6 फूट माती कायम उघडी ठेवा, बुंध्यावर भर टाकू नका, चर खोदायचा तर पाल्याच्या घेराबाहेरून.

हे पुढच्यांना माहीत हवं, म्हणून घराच्या कागदपत्रांच्या फायलीत एक पान जोडून ठेवा: झाडाची जात, कोय कधी लावली, कलम कधी केलं, काडी कोणत्या गावच्या कोणत्या झाडाची, आणि पाण्याची व ड्रेनेजची लाइन झाडापासून किती फुटांवरून गेली आहे त्याचा हाताने काढलेला नकाशा.