डेव्हिस कप सुरुवातीला फक्त दोन देशांचा होता, तर त्याला आंतरराष्ट्रीय स्पर्धा का म्हणायचं? आणि टेनिससारख्या एकट्याच्या खेळात 'संघ' कसला?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग अगदी बरोबर आहे. 1900 साली पहिली लढत झाली तेव्हा अमेरिका आणि ब्रिटन हे दोनच संघ होते. 1901 साली ब्रिटनला संघ जमवता आला नाही, त्यामुळे स्पर्धाच झाली नाही. 1902 आणि 1903 मध्ये परत तेच दोघे. पण माझ्या मते तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. संघ कसला, हे कळलं की पहिल्याचं उत्तर आपोआप मिळतं. मी पुण्यात पंचवीसेक वर्षं क्लबांच्या आपसातल्या लढती खेळलोय. एकेरीत हरलेला माणूस कपडेही न बदलता कोर्टाच्या कडेला बसून दुहेरीवाल्यांसाठी घसा कोरडा करतो, हे मी स्वतः केलंय. या सगळ्याची मुळं कुठे आहेत ते शोधताना मी त्या सुरुवातीच्या वर्षांच्या प्रेमात पडलो.

ड्वाइट डेव्हिस हा सेंट लुईसच्या श्रीमंत घरातला मुलगा, हार्वर्डचा विद्यार्थी. 1899 साली तो आणि त्याचे मित्र पूर्व किनाऱ्यावरून थेट कॅलिफोर्नियापर्यंत खेळायला गेले. पूर्व विरुद्ध पश्चिम अशा त्या सामन्यांना लोकांनी केलेली गर्दी पाहून त्याच्या मनात आलं, की दोन प्रदेशांच्या नावावर एवढा उत्साह असेल तर दोन देशांच्या नावावर किती असेल! त्याने स्वतःच्या खर्चाने चांदीचं एक भलंमोठं भांडं करून घेतलं. 217 ट्रॉय औंस चांदी, म्हणजे जवळपास पावणेसात किलो. त्यावर त्याने कोरून घेतलेलं नाव होतं 'आंतरराष्ट्रीय लॉन टेनिस आव्हान चषक'. डेव्हिस कप हे लोकांच्या तोंडी रुळलेलं नाव. तेव्हा त्याचं वय होतं वीस-एकवीस.

ऑगस्ट 1900 मध्ये बॉस्टनच्या लाँगवुड क्रिकेट क्लबवर पहिली लढत झाली. ब्रिटनचे सर्वोत्तम खेळाडू, म्हणजे रेजी आणि लॉरी हे डोहर्टी बंधू, आलेच नव्हते. आले ते गोर, ब्लॅक आणि रोपर बॅरेट. समोर स्वतः डेव्हिस, माल्कम व्हिटमन आणि होल्कोम्ब वॉर्ड. बॅरेटने नंतर भरपूर तक्रारी केल्या : गवत वाढलेलं, जाळी सारखी सैल पडणारी, चेंडू मऊ. त्या खऱ्याही असतील, पण ब्रिटिशांना खरं गोंधळात टाकलं ते डेव्हिस आणि वॉर्डच्या सर्व्हिसने. चेंडू हवेत एका बाजूला वळायचा आणि टप्पा पडल्यावर उंच उसळून दुसरीकडे पळायचा. पहिल्या दोन एकेरी आणि दुहेरी अमेरिकेने जिंकल्या. मग पाऊस आला. उरलेल्या एकेरींपैकी एक अर्धवट राहिली, दुसरी झालीच नाही. निकाल 3-0.

आता त्या काळची रचना बघा : चार एकेरी, एक दुहेरी, तीन दिवस. प्रत्येक एकेरीवाला समोरच्या दोघांशीही खेळणार. म्हणजे एकच मोठा खेळाडू असून भागत नाही, पण दोन चांगले असले तरी पुरतात. शिवाय कुणाला एकेरीत उतरवायचं, कुणाला दुहेरीसाठी ताजं ठेवायचं, हे डोकं कर्णधाराने लढवायचं. 1902 मध्ये ब्रिटिश इथेच चुकले. लॉरी डोहर्टीसारखा खेळाडू त्यांनी फक्त दुहेरीसाठी राखून ठेवला आणि एकेरीत उतरवला जोशुआ पिमला. पिम दोनदा विम्बल्डन जिंकलेला खरा, पण ते जवळजवळ एका दशकापूर्वी. तो दोन्ही एकेरी हरला. भावांनी दुहेरी जिंकली, रेजीने एक एकेरी जिंकली, आणि तरी लढत 3-2 ने गेली.

1903 मात्र मी कुणालाही सांगताना थांबूच शकत नाही. पुन्हा लाँगवुड. सामन्याआधी रेजीचा हात दुखावला. राखीव खेळाडू होता हॅरल्ड मॅहनी, तोही विम्बल्डन जिंकलेला. साधा मार्ग म्हणजे मॅहनीला उतरवायचं. पण अडचण अशी, की बदली खेळाडू एकदा आला की पुढची एकेरीही त्यानेच खेळायची, रेजीला परत येता येणार नाही. मग ब्रिटिशांनी काय करावं? रेजीची पहिली एकेरी त्यांनी सोडून दिली. विल्यम लार्नेडला न खेळताच पुढे चाल. पाचपैकी एक गुण हातचा देऊन टाकायचा, आणि तोही परक्या देशात, सात समुद्र ओलांडून आल्यावर! मग नेमका पाऊस पडला, हाताला विश्रांती मिळाली. भावांनी दुहेरी जिंकली. शेवटच्या दिवशी लॉरीने लार्नेडला पाचव्या सेटमध्ये 7-5 असं हरवलं आणि रेजीने रॉबर्ट रेनला पाचव्या सेटमध्ये 6-4. निकाल ब्रिटन 4, अमेरिका 1. अमेरिकेचा तो एक गुण म्हणजे रेजीने सोडून दिलेला सामना. संघ कसला, असं तुम्ही विचारलंत. मला याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही. विम्बल्डनमध्ये रेजी असा सामना सोडता तर सरळ घरी गेला असता.

तर चषक अटलांटिक ओलांडून गेला आणि तिथून खरी आंतरराष्ट्रीय गोष्ट सुरू झाली. कारण नियम असा होता, की ज्याच्याकडे चषक आहे त्याने घरी बसून वाट बघायची आणि आव्हान देणाऱ्यांनी आपसात खेळून त्याच्या दारात यायचं. ही आव्हान फेरी 1972 मध्ये बंद झाली. चषक लंडनला गेल्यावर युरोपातल्यांना तो जवळ वाटू लागला. 1904 मध्ये बेल्जियम आणि फ्रान्स आले, अमेरिका मात्र त्या वर्षी आलीच नाही. 1905 मध्ये ऑस्ट्रियासोबत आला ऑस्ट्रेलेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मिळून एक संघ.

दोन माणसं पुरतात, हे मी वर म्हटलं ते ऑस्ट्रेलेशियासाठीच. मेलबर्नचा डावखुरा नॉर्मन ब्रुक्स आणि क्राइस्टचर्चचा अँथनी वाइल्डिंग. 1907 मध्ये या दोघांनी विम्बल्डनच्या गवतावर आधी अमेरिकेला 3-2 आणि मग ब्रिटनलाही 3-2 असं हरवून चषक जगाच्या दुसऱ्या टोकाला नेला. जहाजाचे कित्येक आठवड्यांचे प्रवास करून आव्हानवीरांना आता मेलबर्न, सिडनी, क्राइस्टचर्च गाठावं लागलं. दोन देशांच्या हौसेने सुरू झालेली स्पर्धा सात वर्षांत इथवर आली होती.

1914 बद्दल लिहिताना मला जड जातं. जुलैच्या अखेरीस पिट्सबर्गजवळ ऑस्ट्रेलेशिया आणि जर्मनी यांची लढत सुरू झाली आणि ती चालू असतानाच युरोपात युद्ध पेटलं. ऑस्ट्रेलेशिया 5-0 ने जिंकला. जर्मनीचे फ्रॉइट्झहाइम आणि क्रॉयत्सर मायदेशी निघाले, तर ब्रिटिशांनी जिब्राल्टरजवळ त्यांना जहाजावरून उतरवून कैदेत टाकलं. ब्रुक्स आणि वाइल्डिंगने पुढे न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सवर अमेरिकेला हरवून चषक परत मिळवला. वाइल्डिंगची ती शेवटची लढत. 9 मे 1915 रोजी तो फ्रान्समध्ये आघाडीवर मारला गेला. वय 31.

युद्धानंतर आपण आलो. 1921 मध्ये भारताचा स्वतंत्र संघ उतरला, देश पारतंत्र्यात असतानाच. लाहोरचे वकील मोहम्मद सलीम, सिडनी जेकब, अतहर अली फैजी ही त्यातली नावं. पॅरिसमध्ये त्यांनी फ्रान्सला 4-1 असं हरवलं! पुढे अमेरिकेत जपानकडून 0-5 ने हार झाली, पण ज्या नकाशावर आपलं राज्य आपलं नव्हतं, त्यावर टेनिसच्या गुणफलकात 'भारत' असं वेगळं नाव लागलं होतं. याचं मोल मला कुठल्याही विजयापेक्षा जास्त वाटतं.

रेजी डोहर्टीची ती पुढे चाल वाचली की मला दरवेळी 1974 आठवतं. त्या वर्षी पुण्यात डेक्कन जिमखान्यावर भारताने सोव्हिएत युनियनला 3-1 असं हरवलं. माझे वडील तिन्ही दिवस तिथे होते. पुढची लढत अंतिम होती, दक्षिण आफ्रिकेशी. वर्णभेदाच्या राजवटीशी खेळायचं नाही असं भारताने ठरवलं आणि न खेळताच चषक दक्षिण आफ्रिकेला गेला. अमृतराज बंधूंचा तो ऐन बहराचा काळ, चषक अगदी हाताशी आलेला. वडील त्या पुण्यातल्या तीन दिवसांबद्दल तासन्‌तास बोलायचे. अंतिम लढतीबद्दल मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "ती आपण खेळलो नाही." हे सांगताना ते खुर्चीत ताठ बसले होते.