एक्स-रेच्या किरणांपेक्षा पावतीपुस्तकाला भ्या

पत्र : माझी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. गणित आणि बायोलॉजी दोन्ही विषय होते. नीटमध्ये मार्क कमी पडले. पाच एकर कोरडवाहू आहे, पुन्हा वर्षभर कोचिंग लावायची ऐपत नाही. तिला फिजिक्स आवडते. तालुक्याला बसस्टँडजवळ एक संस्था आहे, तिथे एक वर्षाचा एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स असतो. शंभर टक्के नोकरी म्हणतात आणि आठ दिवसांत पैसे भरा म्हणतात. घरात तिची आत्या म्हणते, ‘पोरीले त्या एक्सरेत कायले घालता? उद्या लेकराबाळाची पंचाईत होईन.’ काय करावे?
– एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

भाऊ, नमस्कार.

पैसे अजून भरले नसतील तर थांबा. त्याचे कारण पुढे येतेच. आधी आत्याबाईंचे बोलू, कारण घरात शेवटी त्यांच्याच शब्दाला वजन आहे असे दिसते.

एक्स-रेच्या नळीत एका टोकाला तापलेली तार असते. तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. हजारो व्होल्टचा दाब त्यांना खेचून समोरच्या टंगस्टनच्या चकतीवर आदळतो. त्या ऊर्जेतली साधारण ९९ टक्के नुसती उष्णता होऊन जाते, उरलेल्या टक्काभरातून क्ष-किरण निघतात. म्हणूनच मोठ्या मशीनमध्ये ती चकती गरगर फिरती ठेवतात, नाहीतर एकाच जागी मार बसून वितळेल. बटण सुटले, वीज थांबली की किरण संपले. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साचून राहत नाही, तसेच हे. भिंतीत, पेशंटच्या अंगात, फिल्मवर काही उरत नाही.

धोका अजिबात नाही असे मात्र मी म्हणणार नाही. किरण पेशींना इजा करू शकतात, आणि रोज तेच काम करणाऱ्याने हयगय केली तर ती महागात पडते. म्हणून तर देशात अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत. अंगाला बसलेला किरणांचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही कमाल मर्यादा. माती, हवा, आकाश यांतून कुणालाही वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. छातीच्या एका एक्स-रेत पेशंटला मिळतो तो डोस ०.१ च्या आतबाहेर, आणि तंत्रज्ञ तर आडोशामागे उभा असतो. अंतर दुप्पट केले की मारा चौथाई होतो, हे तुमच्या लेकीने फिजिक्समध्ये शिकलेले आहे. छातीवर टीएलडी बॅज लावतात, तो ठरावीक मुदतीने तपासायला जातो आणि किती डोस बसला याची नोंद राहते. बाई गरोदर असल्याचे तिने कळवले की उरलेल्या काळात पोटातल्या बाळासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्टवर येते, आणि कामाची वाटणी त्याप्रमाणे बदलावी लागते. नियम पाळणाऱ्या दवाखान्यात लेकराबाळाची पंचाईत होत नाही, एवढे आत्याबाईंना खुशाल सांगा.

आता काम कसे असते ते ऐका, कारण ‘बटण दाबायचे काम’ हा समज त्या संस्थांनीच पसरवलाय. उपजिल्हा रुग्णालयात सकाळी ओपीडी सुटली की रांग लागते. सिकलसेलचा एक पोरगा कंबर धरून येतो. आपल्या विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच, आणि त्यात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते झिजू शकते. त्याचा करदोडा काढायला लावायचा, कारण त्यातला चांदीचा मणी नेमका सांध्यावर उमटायचा. पाय किंचित आत वळवून ठेवायचा, नाहीतर हाडाची मान आखूड दिसते. मग किती केव्ही, म्हणजे नळीला किती हजार व्होल्ट द्यायचे? कमी दिले तर किरण आरपार जात नाहीत. जास्त दिले तर हाड आणि मांस यांच्यातला फरकच पुसट होतो. हाडात कॅल्शियम, अणुक्रमांक २०. मांसात मुख्यतः कार्बन-ऑक्सिजन, ६ आणि ८. किरण गिळण्याचा एक प्रकार अणुक्रमांकाच्या जवळपास घनाने वाढतो, म्हणून हाड पांढरे दिसते. पण केव्ही वाढवत नेले तर हा प्रकार मागे पडतो. हे ज्याला उमजले तो पहिल्याच वेळी नीट फोटो काढतो. ज्याला नाही तो दोनदा-तीनदा काढतो, आणि प्रत्येक वेळी डोस त्या पोराला बसतो. फिजिक्स आवडणारी मुलगी इथे वाया जाणार नाही.

तिच्यापुढे दोन रस्ते आहेत. पहिला बीपीएमटीचा, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीच्या पदवीचा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची ही पदवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत शिकता येते. तीन वर्षे अभ्यास, मग आंतरवासिता. त्यातली रेडिओग्राफीची शाखा घ्यायची. आरोग्य खात्याच्या जाहिरातीत ‘क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी’ हे पद दिसते, त्याची पात्रता तिला आत्ताच वाचायला सांगा. पुढे सीटी, एमआरआयकडे जाता येते. एमआरआयमध्ये तर क्ष-किरण नसतातच, चुंबक आणि रेडिओलहरी असतात. सोनोग्राफीची आशा मात्र तंत्रज्ञाने धरू नये. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे गरोदर बाईची सोनोग्राफी पात्र डॉक्टरनेच करायची.

दुसरा रस्ता लांबचा, आणि खरे सांगायचे तर पत्र वाचताना मला तोच सुचला. गणित आहे, म्हणजे बी.एस्सी. फिजिक्स मोकळे आहे. एम.एस्सी. केले की मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्समधली पदव्युत्तर पदविका, किंवा मान्यताप्राप्त मेडिकल फिजिक्सचा अभ्यासक्रम. मग ती मेडिकल फिजिसिस्ट होते. कॅन्सरच्या पेशंटला किरणोपचार देताना गाठीवर किती डोस जाईल आणि शेजारचा मणका कसा वाचेल, हा हिशेब तिचा. किरणोपचाराच्या मशीनला अशा माणसाशिवाय परवानगी मिळत नाही, आणि नागपुरातल्या कॅन्सर रुग्णालयांनाही तो लागतोच. पण सहा-सात वर्षे कमाई नाही. तेवढा दम घरात आहे का, हे तुम्हीच ठरवा. नसेल तर बीपीएमटी कमीपणाचे नाही.

राहिली बसस्टँडजवळची संस्था. एक वर्षाचा कोर्स म्हणजे खोटाच, असे नाही. नियामक मंडळ तंत्रज्ञाकडे मान्यताप्राप्त संस्थेचे, प्रत्यक्ष कामासह झालेले प्रशिक्षण मागते. तेव्हा तिथे जाऊन विचारा: प्रमाणपत्रावर कुठल्या विद्यापीठाचे किंवा मंडळाचे नाव असते? प्रॅक्टिकल कुठल्या रुग्णालयात होते, त्याचा करार दाखवा. मुलांना टीएलडी बॅज देता का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर उठून या. जिथे बॅज नाही तिथे बहुधा मशीनही नाही. आणि आठ दिवसांची घाई तर बियाण्याच्या दुकानातही तुम्ही खपवून घेत नाही.

पैशांचेही पाहून ठेवा. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून राज्यात शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अर्ज महाडीबीटीवर. कोर्स योजनेच्या यादीत आहे ना, ते प्रवेशाआधी तिथेच तपासा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि सातबारा या आठवड्यातच काढून ठेवा. प्रवेश सुरू झाले की सेतू केंद्रात उभे राहायला जागा नसते.