गनिसनच्या दरीत उतरण्याआधी

प्रिय मित्रा,

अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या गनिसन नदीच्या दरीत, म्हणजे ब्लॅक कॅन्यनला, एका दिवसात उतरून, फ्लाय फिशिंगने (गळाला कृत्रिम माशी लावून) ट्राउट मासे धरून वर यायचा तुझा बेत वाचला. ‘हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलीय, त्यामुळे काळजी नाही,’ असं म्हणतोस. घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा हे तुला येतं, तेवढा फायदा आहेच. पण बेलपाड्याहून निघालं की नळीच्या वाटेचा चढ ताज्या पायांनी होतो. इथे आधी उतार, आणि सगळा चढ दिवसाच्या शेवटी, ओल्या बुटांनी. तेव्हा वेळेचा हिशेब उलटीकडून मांड.

साउथ रिमवरून (दक्षिण कड्यावरून) खाली जाणाऱ्या गनिसन रूट या वाटेला सुमारे १ मैलात १,८०० फूट उतरायचं असतं. उतरायला दीड तास, चढायला दोन. तू अडीच धर. कडा ८,००० फुटांच्या वर आहे, दम लवकर लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजा होतात. म्हणून सहाला कड्यावर, साडेसातला पाण्याशी आणि एक वाजता रॉड सुटा करून सॅकमध्ये. मासे तेव्हाच लागायला लागले तरी. दरीत उतरायला वाइल्डरनेस परमिट लागतो आणि तसे परमिट रोज मोजकेच देतात. २०२५ च्या जुलैत साउथ रिमला मोठी आग लागली होती, त्यामुळे कोणती वाट खुली आहे हे आधी रेंजरांना विचार.

चार तुकड्यांचा, ९ फुटी, ५ वेटचा (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक) रॉड ने. त्याची नळी सॅकच्या वर डोकावू देऊ नकोस. वाकलास की ती खडकाला अडते आणि तोल जातो. एक तृतीयांश वाट उतरल्यावर ८० फूट साखळी लागते. तिथे तोंड खडकाकडे, काठ्या घडी करून आत. साखळी तोलापुरती धरायची, भार पायांवर. जोडीदार एकाखाली एक नकोत, दगड सुटतात.

खाली पॉयझन आयव्ही माजलेली असते, कुठे कुठे छातीएवढी. तीन पानांचा झुपका दिसला की हात आवर. बिबा उतणं तुला माहीत आहे. ही त्याच कुळातली, त्रासही तसाच. पूर्ण बाह्या, लांब पँट. तिचं तेल बुटांच्या नाड्यांना आणि रॉडच्या मुठीलाही लागतं, आणि दोन दिवसांनी त्यातूनच अंगावर उठतं. गाडीत साबण आणि पाण्याचा कॅन ठेव.

आता पाणी. पहिला तास गुडघ्यावर पाणी येऊ देऊ नकोस. सगळे नवखे थेट मधल्या धारेकडे जातात आणि काठच्या दोन हातांतले मासे उधळतात. मोठ्या खडकापुढची उशी, खडकामागचा संथ तुकडा, वेगवान आणि मंद पाण्यामधली शिवण: ट्राउट तिथे उभा असतो, कारण ताकद न घालवता खाणं समोरून येतं. खालून वर, प्रवाहाविरुद्ध सरक. मासा प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड करून असतो, तू त्याच्या पाठीमागे राहतोस.

बांधणी अशी: ९ फुटी ४ एक्स लीडर (लाइनच्या टोकाचा बारीक होत जाणारा धागा; एक्सचा आकडा मोठा तितका धागा बारीक), त्याला ८ नंबरची स्टोनफ्लाय निम्फ, म्हणजे स्टोनफ्लाय किड्याच्या पाण्यातल्या पिल्लासारखी माशी. तिच्या गळाच्या वाकाला दीड फूट ५ एक्स टिपेट (आणखी बारीक धागा), शेवटी १६ नंबरची फेझंट टेल ही छोटी निम्फ. वरच्या माशीच्या वीतभर वर एक शिशाचा मणी. इंडिकेटर (पाण्यावर तरंगणारी खूण) माशीपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर. गाठ आवळताना थुंकीने ओली कर. कोरडी आवळली की घर्षणाने नायलॉन कमकुवत होतं आणि नेमका मोठा मासा ती तोडतो.

लाइन पाण्यावर पडल्या पडल्या तिचं पोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला उलटव, यालाच मेंड करणं म्हणतात. ते नाही केलं तर मधली वेगवान धार लाइन ओढते, इंडिकेटरमागे व्ही आकाराची रेघ उठते आणि माशी पाण्यापेक्षा जोरात पळते. ट्राउट तिच्याकडे बघतही नाही. इंडिकेटर शेजारच्या फेसाच्याच चालीने जायला हवा. तो किंचित अडखळला की रॉड उचल. दहातल्या सात वेळा दगड असेल, तरी उचल. एकदाही तळाला अडकत नसेल तर माशी उथळ चाललीय, आणखी एक मणी लाव.

नियम साधे आहेत. १६ वर्षं आणि त्यावरच्यांना कोलोरॅडोचं लायसन्स, फक्त कृत्रिम माशी किंवा ल्यूर (कृत्रिम आमिष), आणि रेनबो जातीचे ट्राउट परत पाण्यात. १९९० च्या दशकात व्हर्लिंग या माशांच्या परजीवी रोगाने इथले रेनबो जवळजवळ संपले होते. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाक, हात ओले करून मग मासा धर. कोरड्या तळव्याला त्याचा चिकट थर निघून येतो आणि तिथे बुरशी धरते. फोटो हवा तर मासा पाण्यालगतच ठेव.

प्यायला माणशी ४ लिटर, किंवा २ लिटर आणि फिल्टर. परतीसाठी अर्धा लिटर राखून ठेव.

दरीच्या वरच्या अंगाच्या क्रिस्टल धरणातून किती पाणी सुटतंय, ते आदल्या रात्री बघ. ३०० ते ६०० घनफूट प्रतिसेकंद असेल तर काठाने फिरता येतं. जूनमध्ये मोठ्या स्टोनफ्लाय उडतात म्हणून सगळे धावतात, पण मे-जूनमध्येच कधी कधी हजारो घनफुटांनी पाणी सोडतात. तसं असेल तर दरी सोड आणि ईस्ट पोर्टलच्या रस्त्याने गाडीनेच नदीपर्यंत उतर. १६ टक्के उतार आहे, पहिल्या गिअरमध्ये ठेव.